ब्रेमेनमध्ये काय बघावं, काय टाळावं

ब्रेमेन, २ सप्टेंबर

चि. सौ. आफ्रास,

गेजीने आत्याचे आशीर्वाद. आम्ही इकडे बरे आहोत. तुम्ही दोघं तिकडे पासाऊला बरे असाल असं मी धरून चालते, कारण त्यार्क बरा नसला की पत्र पाठवत नाही आणि बरा असला तरीही पाठवत नाही.

तुझं पत्र पोचलं. माझ्या भाच्याने मे महिन्यात नोंदणी ऑफिसात जाऊन सही ठोकली आणि बाहेर येऊन सॉसेज खाल्लं, हे मला त्याच्याकडून नाही, तुझ्याकडून कळलं. त्याबद्दल तुझे आभार आणि त्याचा कान. तुम्ही भेटलात की एक मानीन आणि एक पिळीन.

मी फोन का करत नाही, असं तू विचारलंस. माझा भाऊ हार्म, म्हणजे तुझे सासरे, माझ्याच घरात वरच्या मजल्यावर राहतो. जन्मभर नळ बसवल्यामुळे त्याला भिंतीतलंही ऐकू येतं. म्हणून पत्र. उत्तर शेजारच्या फ्राउ टेबेनच्या पत्त्यावर पाठव. तिला दिसत कमी आणि रस त्याहून कमी, त्यामुळे सुरक्षित आहे.

तर, सत्तावीस तारखेला त्यार्कला तीस वर्षं पूर्ण होतात, आणि त्या दिवशी त्याला त्याच्या गावात फिरवून आणायचं, असा तुझा बेत. बेत चांगला आहे. दोन दिवसांत काय बघायचं ते सांगते.

आधी आमच्या चार प्राण्यांचा पुतळा. गाढव, त्याच्यावर कुत्रा, त्याच्यावर मांजर आणि वर कोंबडा. गाढवाचे पुढचे पाय दोन्ही हातांनी धरायचे आणि मनातली इच्छा मागायची. दोन्ही हातांनी, हे विसरू नकोस. एकाच हाताने धरलंस तर आम्ही मागे उभे राहून म्हणतो, बघा, एक गाढव दुसऱ्याशी हात मिळवतंय. पाहुण्यांना हे कोणी आधी सांगत नाही. आमची तेवढीच करमणूक आहे.

मग चौकातलं भोक. जमिनीत एक झाकण आहे, त्यात नाणं टाकलं की खालून त्या चारांपैकी एक प्राणी ओरडतो. मला आजवर गाढवच मिळालं आहे. हार्मला पहिल्याच नाण्याला कोंबडा मिळाला होता, तेव्हापासून त्याने दुसरं नाणं टाकलेलं नाही. तो माणूसच तसा आहे.

तिथून जवळच फरसबंदीत क्रूस कोरलेला एक दगड आहे, त्यावर थुंकायचं. घरच्यादारच्यांना विष घालणाऱ्या एका बाईची ती खूण. एरवी कागदाचा कपटा पडला तरी डोळे वटारणारं हे गाव इथे मात्र थुंक म्हणतं, तेव्हा संधी सोडू नकोस. पण थुंकून झालं की लगेच वळ आणि नदीकडे चालू लाग. समोर डोम आहे, आमचं मोठं चर्च. ते बघायची काही गरज नाही. चर्चसारखं चर्च आहे. त्याच्या पायऱ्या तर अजिबात नकोत, आणि शनिवारी तर मुळीच नकोत.

श्नूर या जुन्या वस्तीच्या बोळांतून एकामागे एक चाला. चिनी मातीच्या घंटा वाजतात ती गल्ली बघा. हार्म म्हणतो, या गावात चिनी मातीची कदर फक्त तिथेच होते. मासे घातलेला पाव नदीकाठी खा. सकाळ असो की संध्याकाळ, ‘मॉइन’ म्हण, आमचा नमस्कार एवढाच. तुमच्या बायेरन प्रांतासारखी देवाला मध्ये घालून लांबलचक विचारपूस केलीस तर लोकांना वाटेल तू काही विकायला आली आहेस.

वाल्लेची ट्राम मात्र पकडू नका. मी ती निवृत्त होईपर्यंत चालवली आहे, म्हणून खात्रीने सांगते, वाल्लेत बघण्यासारखं काही नाही. आम्ही दोघं राहतो, एवढंच.

तू लिहितेस की सासऱ्यांना भेटायचं आहे, त्याशिवाय या सहलीला अर्थ नाही. आफ्रा, बाळ, त्या दोघांचं काय बिनसलं ते त्यार्कने तुला सांगितलं असेल तर ते अर्धंच सांगितलं असेल. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत आम्ही सगळे कोबीच्या जेवणाला गेलो होतो. हे आमच्याकडे थंडीत असतं. हातगाडीवर बाटल्या ठेवून मंडळी शेतांतून चालतात, दर वळणाला एकेक घोट घेतात, मग खानावळीत कोबी आणि सॉसेज हाणतात आणि सगळ्यांत जास्त खाणाऱ्याला राजा करतात. त्या वर्षी राजा त्यार्क झाला. राजा खुर्चीवर चढला आणि सगळ्या गावासमोर म्हणाला, “बाबा, मी दुकान घेणार नाही. शेवाळी कमोड विकत मी म्हातारा होणार नाही. ते तुम्ही फुकट वाटलेत तरी कोणी बसणार नाही.”

लोक हसून हसून टेबलाखाली गेले. तुला माहीत नसेल म्हणून सांगते, हार्मचं कमोड-बेसिनचं दुकान आहे, आणि त्याच्या तरुणपणी शेवाळी रंगाची फॅशन होती तेव्हा त्याने ट्रक भरून माल उचलला होता. माल उतरवून होईपर्यंत फॅशन गेली. तो सगळा माल अजून मागच्या गोदामात आहे. त्यार्क त्यातच लपाछपी खेळून मोठा झाला. त्याची आई गेली तेव्हाही तो तिथेच जाऊन बसला होता, एका टबात.

हार्मने काटा खाली ठेवला, टोपी घातली आणि घरी गेला. त्या दिवसापासून दोघांत एक शब्द नाही. त्यार्क तुमच्या नदीवर बोटींची इंजिनं दुरुस्त करायला गेला, आणि हार्म जणू त्याला मुलगाच नाही असा जेवतो, झोपतो, दुकान उघडतो.

तेव्हा तूर्त गाढवाचे पाय धरा. सासऱ्यांचं मी बघते.

तुझी आत्येसासू
गेजीने


ब्रेमेन, १५ सप्टेंबर

चि. आफ्रास,

‘सौ.’ मुद्दाम गाळलं आहे. का ते पुढे कळेल. रागावू नकोस.

माझं पत्र वाचून त्यार्क पांढरा पडला आणि म्हणाला, “आत्या डोम टाळायला सांगते म्हणजे काहीतरी शिजतंय,” असं तू लिहिलंस. मुलगा हुशार आहे, फक्त खुर्चीवर चढला की नसतो. त्याने तुला सांगितलंच आहे, तरी माझ्याकडून ऐक. आमच्या गावात तिशी गाठूनही लग्न न झालेल्या पुरुषाला वाढदिवसाला डोमच्या पायऱ्या झाडाव्या लागतात. मित्र बाटल्यांची बुचं ओततात, बाजावाला बाजा वाजवतो, आणि एखादी कुमारिका येऊन मुका घेईपर्यंत बिचाऱ्याची सुटका नाही. झाडलेलं मित्र पुन्हा पसरतात. तशाच बिनलग्नाच्या बायकांना डोमच्या दाराची कडी घासावी लागते. मीही घासली आहे. मुका घ्यायला एक जण पुढे आला होता, चांगला होता, पण कडी अजून नीट निघाली नव्हती म्हणून मी त्याला थांब म्हटलं. तो थांबला नाही. असो. कडी अजून चकाकते.

आता जे सांगायचं टाळत होते ते. मी तुमच्यासाठी बेदाण्याचा केक आणला, मोठा आणला, आणि तिथेच फसले. हार्म म्हणाला, “एवढा केक कोणाला?”

मी म्हटलं, “त्यार्क येतोय.”

तो चावत राहिला. मग म्हणाला, “कधी?”

“सत्तावीसला.”

“वाढदिवसाला.” पुन्हा चावणं. “अजून एकटाच आहे ना?”

माझ्या तोंडात केक होता, आफ्रा. मी “हं” केलं. आमच्याकडे ‘हं’ला पुष्कळ अर्थ असतात. हार्मने त्यातला स्वतःच्या सोयीचा उचलला, उठला आणि तळघरात गेला. खालून पत्र्याचा आवाज येऊ लागला. मला वाटलं, रागाने काहीतरी फेकतोय. जाऊन बघते तर बादल्या. बुचांनी भरलेल्या बादल्या, भिंतीला लागून ओळीने. एवढी बुचं एका दिवसात जमत नाहीत. लाकडी खुंट्या पाडायच्या खेळाच्या क्लबात, बिअरच्या दुकानात, कोणाच्या बारशाला, जिथे जिथे बाटली उघडली तिथलं बूच या माणसाने दोन वर्षं खिशात घालून आणलं होतं. मुलाशी एक शब्द बोलत नव्हता आणि त्याच्या तिशीसाठी बुचं जमवत होता.

“धुऊन ठेवलीत,” एवढंच म्हणाला. “वास येतो नाहीतर.”

त्या वेळी मला खरं सांगायला हवं होतं, हे मला पत्र लिहून समजावू नकोस. तो शिट्टी वाजवत होता. त्याची बायको गेल्यापासून मी ती ऐकली नव्हती. दुसऱ्या दिवशी त्याने बाजावाला ठरवला, क्लबाच्या मंडळींना सांगितलं, आणि एक झाडू स्वतः बनवला, ज्याला दांडा हातभर आणि काड्या सात. एन्नो म्हणून त्याचा दोस्त आहे, तो सगळीकडे सांगत फिरतोय की हार्म पायऱ्यांवर मुलाशी बोलणार. क्लबात त्यावर पैजा लागल्या आहेत.

तू म्हणतेस, आल्या आल्या खरं सांगून टाकू. बायेरनमध्ये सांगत असतील. इथे तू दारात उभी राहून “मी तुमची सून, मेमध्ये लग्न झालं” म्हणालीस तर हार्मला दोन गोष्टी एकदम कळतील: मुलाने लग्न केलं आणि आपल्याला बोलावलं नाही. तिसरी गोष्ट त्या बादल्या. त्या घेऊन तो पुन्हा तळघरात जाईल आणि वर येणार नाही. मी त्याला ओळखते. त्यार्कने तीनदा फोन उचलून खाली ठेवला, असं तू लिहिलंस. हार्मने किती वेळा ठेवला असेल ते मी लिहीत नाही.

म्हणून माझा बेत ऐक. त्यार्कला झाडू दे. बाप-लेक समोरासमोर येतील, लोक असतील, बाजा असेल, भांडायला आवाज पुरणार नाही. तू गर्दीत चौकातल्या फुलवालीपाशी उभी राहा, अंगठी खिशात ठेव, आणि मी रुमाल हलवला की पुढे होऊन मुका घे. एक अनोळखी, भली, परगावची कुमारी. मग ओळख, मग कॉफी, मग हळूहळू एकेक. दिवाळं एकदम काढू नये, दुकान बंद करणाऱ्या कोणालाही विचार. हार्म स्वतः डिसेंबरात दुकान बंद करतोय. हेही तुला सांगितलं नव्हतं. त्यार्कला तूच सांग, मला जमत नाही.

साधा फ्रॉक घाल. कुमारिका दिसेल असा.

बेत आखून घाबरलेली
गेजीने आत्या


ब्रेमेन, ३० सप्टेंबर

चि. सौ. आफ्रास,

‘सौ.’ परत आणलं आहे. आता लपवून काय उपयोग, पाऊणशे माणसांनी बघितलं.

आधी मला एक सांग. पत्रात तू तुझ्या मांजराच्या दाताबद्दल सविस्तर लिहिलंस, आईच्या गुडघ्याबद्दल लिहिलंस, आणि सातवा महिना लागला आहे हे लिहायला कागद पुरला नाही? “आत्या, प्रत्यक्षच सांगायचं होतं,” असं तू परत जाताना स्टेशनवर म्हणालीस. प्रत्यक्ष सांगितलंस खरं. मी रुमाल हलवला आणि फुलवालीच्या मागून आधी पोट आलं, मग तू आलीस. साधा फ्रॉक मात्र सांगितल्याप्रमाणे घातला होतास.

त्यार्क तो सात काड्यांचा झाडू घेऊन घामाघूम, डोक्यावर उंच टोपी, आणि तू सगळ्यांसमोर त्याचा मुका घेतलास. चांगला घेतलास, त्यात चूक काढायला जागा नाही. बाजावाला मात्र मध्येच थांबला. त्याने आजवर अशी कुमारिका पाहिली नव्हती. आणि त्या शांततेत एन्नो ओरडला, “हार्म, पोरगी तयारीनिशी आलीये रे.”

सगळे हसले. दोन वर्षांपूर्वी हसले होते तसेच, तीच माणसं. मी हार्मकडे बघितलं. त्याने बादली खाली ठेवली. तुझ्या पोटाकडे बघितलं, त्यार्ककडे बघितलं, तुझ्यासमोर येऊन “मॉइन” म्हणाला, टोपी घातली आणि वाल्लेची ट्राम पकडली. त्यार्क मागे धावला तोवर दार लागलं होतं. ट्रामचं दार लागलं की लागलं, मीही कधी कोणासाठी उघडलं नाही.

तुम्ही दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने गेलात. तू लिहितेस की त्यार्क अख्ख्या वाटेत खिडकीबाहेर बघत होता, आणि तुला वाटतं की सासऱ्यांनी तुझं तोंड पुन्हा बघायचं नाही असं ठरवलं आहे. म्हणून हे पत्र घाईने.

काल सकाळी मी न्याहारी मांडली, हार्म आला नाही. मागच्या गोदामातून धडाधड आवाज. मला वाटलं, गेला, फोडतोय सगळं. चप्पल न घालता धावले. तर तो शेवाळी कमोड ओढत अंगणात आणत होता, एकेक, आणि ओळीने मांडत होता. दहाबारा मांडून झाले होते. बेसिनं वेगळी. टब भिंतीशी.

मी म्हटलं, “हार्म, हे काय चाललंय?”

तो म्हणाला, “त्यांचं लग्न झालंय. पोराच्या बोटावर अंगठीचा वळ होता.”

“झालंय,” मी म्हटलं. “मेमध्ये. मला माहीत होतं. माझ्या तोंडात केक होता.”

“हं,” तो म्हणाला. मग विचारलं, “आदल्या संध्याकाळी दारात काही फोडलं?”

“नाही रे. ऑफिसात सही केली, सॉसेज खाल्लं.”

“एक बशीसुद्धा नाही?”

“नाही.”

त्याने कमोड खाली टेकवला आणि माझ्याकडे असं बघितलं जसं मीच ते लग्न लावलं. “भांडं फुटलं नाही, ठिकरी झाडली नाही, आणि मूल येतंय,” तो म्हणाला. “कसं व्हायचं त्यांचं?”

तर आफ्रा, या माणसाला मुलाने न सांगता लग्न केल्याचा राग आलाच नाही असं नाही. आला आहे. पण त्याला त्याहून मोठी काळजी लागली आहे की तुमच्या दारात काहीच फुटलं नाही. तुमच्याकडेही लग्नाच्या आदल्या संध्याकाळी भांडी फोडतात आणि नवराबायकोने मिळून ठिकऱ्या झाडायच्या असतात, हे तुला मी काय सांगणार. ते राहिलंय. ते आता अकरा ऑक्टोबरला संध्याकाळी आमच्या अंगणात व्हायचं आहे. एन्नोला घण आणायला सांगितलं आहे. त्याला हसायचं असेल तर घण मारता मारता हस, असं हार्मने कळवलं आहे.

मी म्हटलं, “अरे पण हा सगळा तुझा माल आहे. जन्मभर जपलास. डिसेंबरात कोणी घेईलही.”

“कोणी घेणार नाही,” तो म्हणाला. “पोरगा बरोबर बोलला होता.” मग बराच वेळ एका बेसिनवरची धूळ बाहीने पुसत राहिला, जे फोडायचं आहे त्यावरची. “बरोबर बोलला होता. पण सगळ्यांसमोर बोलायला नको होतं. मला एकट्याला सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं.”

“हे त्याला सांगू?”

“सांग.” दोन पावलं गेला. “नको सांगूस.”

म्हणून मी त्याला सांगत नाही. तुला लिहिते. त्यार्कने तुझ्या खांद्यावरून वाचलं तर तो माझा दोष नाही.

आणखी एक. संध्याकाळी जेवताना हार्म आपणहून म्हणाला, “पायऱ्या चांगल्या झाडल्या. कोपऱ्यातून काढत होता. आईने शिकवलंय.” लग्न झालेल्या माणसाने डोमच्या पायऱ्या झाडल्या ही आमच्या गावात नाचक्की आहे, पण झाडण्यात खोट नव्हती, असं क्लबाचंही मत पडलं. पैजा कोणीच जिंकल्या नाहीत, कारण ‘मॉइन’ला बोलणं म्हणायचं की नाही यावर अजून वाद चालू आहे. तो तर तुझ्याशी बोलला होता, मुलाशी नाही, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं. अनोळखी माणसाशी हार्म तेवढंही बोलत नाही.

तू विचारलंस की गाढवाचे पाय धरताना तुझा एक हात पोटावर होता, ते चालतं का. नियमाने चालत नाही. पण तुम्ही दोघं होतात, एकेक हात दोघांचा, असं फ्राउ टेबेन म्हणते. तिला सगळं माहीत आहे. तुझी पत्रं तिने भिंग लावून वाचली, रस नाही म्हणणाऱ्या बाईने. तू काय मागितलंस ते मला सांगू नकोस. मला कळलंय.

तर पुढच्या खेपेला काय बघायचं ते लिहून घे. डोम नको, दगड नको, बोळ नकोत. स्टेशनवरून सरळ वाल्लेची ट्राम पकडा. वाल्लेत बघण्यासारखं काही नाही असं मी लिहिलं होतं, ते मागे घेते. अंगण शेवाळी झालं आहे, रस्त्यावरचे लोक थांबून बघतात. झाडू चांगले आणले आहेत, पूर्ण काड्यांचे, दोन. तुझा हलका आहे. वाकायचं नाही, तू नुसतं ढकल, वाकायचं काम त्यार्क करील.

सगळं फुटणार, एक सोडून. सर्वांत छोटं बेसिन, पाहुण्यांच्या मोरीत बसवतात तेवढं, हार्मने बाजूला काढलं आहे. आज सकाळी त्याने ते आमच्या न्हाणीघरात मोठ्या बेसिनच्या शेजारी बसवायला घेतलं. जमिनीपासून इतकं खाली की मला वाटलं, माणसाचं डोकं फिरलं. मी विचारलं, “इथे कोण हात धुणार?” तो कडेवर पाणसळ धरून एक डोळा मिटून बसला होता, आणि शिट्टी वाजवत होता.

केक आणून ठेवते. या वेळी कोणी काही विचारलं तर आधी गिळीन, मग बोलेन.

तुमची वाट बघणारी
गेजीने आत्या

ता. क. पाकीट चिकटवत होते, तर हार्म खाली आला. म्हणाला, जागा उरली असेल तर मी एक ओळ लिहितो. पेन्सिल त्याच्या कानावर असतेच. ही ओळ त्याची:

बेसिन कच्चं बसवलंय, स्क्रू आवळले नाहीत. पोर उभं राहायला लागलं की उंची कळवा. किंवा घेऊनच या, मी मापतो. — बाबा